जामखेडकिंग आणि आक्का

“ह्याच्या दुधात पानी हाय,” असं आक्का म्हणाल्या की समजावं, समोरचा पत्त्यांत थापा मारतोय.

ही भाषा त्यांनी डेअरीतून आणलेली. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या दूध संकलन केंद्रावर मी नोंदी करायचो आणि आक्का दूध मापून घ्यायच्या. फॅटच्या मशीनवर आकडा उमटायच्या आधीच त्यांचा निकाल लागलेला असे. “चांगल्या दुधाचा मानूस किटली आपटून ठिवतो, आन पानी घातलेला आधी रामराम घालतो.” तुम्हीही एखाद्या डेअरीवर जरा उभं राहून बघा, पटेल. मी तर तेव्हापासून त्यांना रामराम घालायचंच सोडलं.

सकाळचं दूध गेलं की संध्याकाळपर्यंत माश्या मारायच्या. त्या रिकाम्या वेळासाठी मीच त्यांच्या मोबाईलवर पोकर घालून दिलं, पाप माझंच. पैसे लावायचे नाहीत, सगळ्या खोट्या चिप्स. दोन पत्ते हातात झाकलेले, पाच मधे उघडे, बाकी सगळा समोरच्याला घाबरवून पळवायचा धंदा. मला वाटलं, इथं तोंडं दिसत नाहीत, आता आक्का फसणार. कसल्या फसतात! कोण किती वेळ थांबून बटण दाबतो, एवढ्यावर त्या माणूस ओळखायच्या. “ह्यो भ्यालाय, लगीच दाबतोय.” “ही बाई हाय. जेवायला वाढता वाढता खेळतीय.” ती खरंच बाई आहे का, हे बघायला आम्ही कुठं जाणार? पण डाव आक्काच जिंकायच्या, म्हणून आमचा विश्वास.

एके दुपारी मोबाईलमधल्या टेबलावर ‘जामखेडकिंग’ नावाचा गडी येऊन बसला. हातात काही नसलं की हा बराच वेळ थांबायचा आणि मग सगळ्या चिप्स लावून टाकायचा. हरला की एक डाव गायब, आणि पुन्हा हजर. चार दिवस आक्का नुसत्या बघत राहिल्या. पाचव्या दिवशी हळूच म्हणाल्या, “ह्यो आमचा दादा हाय.”

जामखेड हे आक्कांचं माहेर. बहीण-भावाचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. पुतणीच्या लग्नपत्रिकेत नेमकं आत्याचं नाव राहिलं होतं. भाऊ म्हणाला, छापखान्याची चूक. आक्का म्हणाल्या, छापखाना काय माझा भाऊ हाय का? तेव्हापासून अबोला.

“लहानपनी बी असाच. हरला की पानी प्यायला उठायचा, आन तोंड पुसत परत यायचा. माझं नाव बगूनच बसतोय रोज.” खेळात त्यांचं नाव मीच ‘श्रीगोंद्याची आक्का’ असं घातलेलं, त्यामुळे मलाही ते पटलं.

दुसऱ्या दिवसापासून ही पट्टीची खेळाडू हरायला लागली. एकदा हातात दोन राजे, मधे तिसरा, आणि आक्कांनी डाव सोडून पत्ते टाकून दिले.

“आक्का, तीन राजे होते!”

“असू दे. लई हरला तर यायचा न्हाई तो.”

नऊ वर्षांचा हट्ट किती जड झाला होता, ते मला त्या दिवशी कळलं.

महिनाभरानं त्यांनी रजा टाकली आणि जामखेडची एसटी धरली. आल्या त्या आठवडा काढूनच, आणि आल्या आल्या पोट धरून हसत सुटल्या. दारात उभं राहून त्यांनी भावाला विचारलं होतं, “रोज खेळतुयास माझ्यासंगं, मग बोलत का न्हाईस?” भाऊ बघतच राहिला. त्याच्याकडं साधा बटणांचा फोन, त्यातही त्याला फक्त आलेला फोन उचलता येतो. बहिणीला वेड लागलं, असंच वाटलं त्याला. घाबरून त्यानं तिला आधी घरात घेतलं, पाणी दिलं, आणि कबूल करून टाकलं की ती पत्रिका छापायच्या आधी त्यानंच तपासली होती, चष्मा न लावता.

“नऊ वर्सं छापखान्यावर ढकललं मेल्यानं,” असं म्हणत आक्का हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या.

मागच्या वर्षी आक्कांनी काम सोडलं. केंद्रावर आता मशीन म्हणेल ते खरं. मला मात्र त्यांची आठवण आली की तीच दुपार दिसते. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी फोन उघडला. जामखेडकिंग टेबलावर बसलेलाच होता.

“आक्का, मग हा कोण?” मी विचारलं.

त्यांनी हातातले दोन एक्के बघितले, जरा वेळ थांबल्या आणि पत्ते टाकून दिले.

“असंल कुनाचा तरी दादा.”