जांभळाच्या सालीची शाई

"मॅडम, हे आमचं झाड न्हाई," दत्ताभाऊ म्हणाले. समोरच्या सॅम्पलमधलं खोड काळंकुट्ट होतं. आठवड्यापूर्वीचं सॅम्पल मात्र छान तांबूस होतं आणि त्यांना पसंतही पडलं होतं. शाई दोन्हीकडे एकाच झाडाची. मला काहीच कळेना.

मी घोडेगावात हातकागदावर चित्रं काढते, झाडपाल्याची शाई स्वतः करून. शिनोलीजवळ रस्ता रुंद करताना दत्ताभाऊंचं जांभळाचं झाड गेलं. त्यांचे वडील, आप्पा, रोज त्याखाली बसायचे. झाड पडल्यापासून ते ओट्यावरसुद्धा येईनात. त्यांच्यासाठी त्याच झाडाचं चित्र, त्याच्याच सालीच्या शाईने, अशी ऑर्डर होती. साल फक्त एक पोतं. ती संपली की दुसरी आणायची कुठून?

रीत सोपी आहे. साल भिजवायची, उकळायची, गाळायची, थोडा डिंक घालायचा. भांड्यात कुठलीही शाई काळपटच दिसते, खरा रंग कागदावर कळतो. पहिली बॅच तांबूस आली, दुसरी काळी. तिसरीला मी बोअरचं पाणी सोडून बाटलीतलं घेतलं, पातेलंही बदललं. काळी. पोत्याच्या तळाशी चार-सहा तुकडे उरले.

मग लक्षात आलं, दुसऱ्या बॅचपासून कागदाचा गठ्ठा नवा होता. झालं, चोर सापडला. कागद देतात जुन्नरचे सलीमभाई, सुती चिंध्यांच्या लगद्यातून करतात. त्यांना फोन लावला आणि नको ते बोलले. लगद्यात काय कालवलंत, इथपर्यंत.

ते दुपारी गाडीवर आले. वाद घातला नाही. खिशातून पांढरी चिंधी काढून शाईत बुडवली. चिंधी काळी झाली.

"ताई, आता चिंधीला बी बोलनार का?"

त्यांनी दोन्ही काळ्या बॅचच्या सालीचा चोथा वर्तमानपत्रावर उपडा केला आणि बोटांनी चिवडला. दोन गंजके खिळे निघाले.

"सालीत लोखंड उकळलं तर काळंच व्हनार. तुमाला म्हाईत नाय व्हतं?"

माहीत नसायला काय झालं? हिरड्याची काळी शाई मी मुद्दाम गंजका खिळा टाकूनच करते. काखेत कळसा नि गावाला वळसा. लाज वाटली. त्यांची माफी मागितली.

उरलेल्या तुकड्यांवर लोहचुंबक फिरवलं, आणखी एक खिळा निघाला. शाई जेमतेम वाटीभर झाली, पण तांबूस. तिच्यात खोड आणि फांद्या भागल्या. पानं काळ्या शाईत केली.

चित्र द्यायला शिनोलीला गेले. आप्पांनी ते मांडीवर घेतलं. खोडावरून बोट फिरवत राहिले. शांतता मला सोसेना, म्हणून मी खिळ्यांचा किस्सा हसत सांगितला. "कुठल्यातरी क्लासवाल्याने झाडावर जाहिरातीची पाटी ठोकली असणार," मी म्हणाले.

"क्लासवाल्यानं न्हाई," आप्पा म्हणाले. "म्या ठोकली व्हती. 'झाड तोडू नये' म्हणून."

दत्ताभाऊ खाली बघत होते. आप्पांनी हात पुढे केला. तिन्ही खिळे पर्समध्येच होते, ते मी त्यांना दिले.

आता साल उकळण्याआधी लोहचुंबक फिरवते. आणि हसण्याआधी पाटी कुणाची होती ते विचारते.