योरुन तशीही जागीच असते

योरुन,

पेपरात तुझ्यावर चौघांनी लिहिलं. गेलेल्या माणसाला "प्रिय अमुक" म्हणून पेपरात पत्र लिहायची आपली ही रीत मला पहिल्यापासून खटकते. माणूस ऐकत होतं तेव्हा बोलायला कुणाला सवड नव्हती. पण सगळेच बोलतायत, तर मीही बोलते. माझं लांबलं म्हणून पेपरवाल्यांनी परत पाठवलं, अर्धं करा म्हणाले. मी करणार नाही. अर्धं करायला त्यात साखर घातलेली नाही.

शेजारच्या स्तेइंदोरने लिहिलंय, "तू आमच्या खोऱ्याची जागती राखणदार होतीस." त्याची बायको आल्दा लिहिते, "आता शांत झोप, लाडके." त्यांनी तुला "झोप" म्हणावं म्हणून तुला मरावं लागलं.

तुला झोप लागत नव्हती, एवढीच तर गोष्ट. लोकांना तेवढ्याने भागत नाही. त्यांना कारण हवं असतं, समुद्रात बुडालेला प्रियकर किंवा पाळण्यातच गेलेलं मूल. तुझं तसलं काही नव्हतं. चाळिशी उलटली आणि विहिरीचं पाणी उतरावं तशी झोप उतरत गेली. आधी पहाटेची गेली, मग मधली, मग उरलेलीही. आणि आधी तू कशी झोपायचीस ते मला विचारा! शाळेत माझ्या शेजारी, भूगोलाच्या तासाला, बाकावर डोकं टाकून, तोंड उघडं. मी पुढे दक्षिणेत जाऊन शिकले आणि परत येऊन त्याच वर्गात भूगोल शिकवला. तुझ्याइतकं निवांत कुणी झोपलेलं मी तिथे पुन्हा पाहिलं नाही.

निद्रानाश रात्रीचा आजार आहे असं ज्यांना वाटतं त्यांना तो झालेला नसतो. तो दिवसाचा आजार आहे. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये सापडायची. चर्चमध्ये सगळे तिसऱ्या कडव्यावर, तू दुसऱ्यावर. कुणी नुसतं "बर्फ पडणार वाटतं" म्हटलं तरी तुझ्या डोळ्यांत पाणी. मग लोक म्हणायचे, योरुन अलीकडे फार मनाला लावून घेते.

गावच्या तलावालगतच्या गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसलं की प्रत्येकाला वैद्यकी सुचते. आल्दाने सुरुवात केली होती.

"कोमट दूध घे, मध घालून."

"घेतलं."

"मग कॉफी सोड."

"वर्षभर सोडली होती. जागी ती जागीच, वर डोकं दुखलं."

"मेंढ्या मोजाव्यात म्हणे," स्तेइंदोर म्हणाला.

"मोजतेय की," तू म्हणालीस. "तुझ्याच."

सगळे पाणी उडवत हसले. मला हसू आलं नाही, कारण ते खरं होतं. मे महिन्यात मेंढ्या व्यायला लागल्या की मेंढवाड्यात रात्रंदिवस कुणीतरी लागतं. एका वर्षी स्तेइंदोरचे वडील आजारी होते, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "योरुनला सांगा, ती तशीही जागीच असते." त्या रात्रीनंतर ते वाक्य खोऱ्यात राहायलाच आलं. तू स्वतःच्या मेंढ्या विकून मोकळी झालीस, तर तीन घरांच्या मेंढ्या तुझ्या रात्रींत येऊन उभ्या राहिल्या. शरद ऋतूत कापलेली अर्धी मेंढी आणून द्यायचे, पाठीवर थाप मारायचे. तू बरी व्हावीस असं त्यांना का वाटावं? तुझ्या जागण्यावर त्यांच्या उशा ठेवलेल्या होत्या.

पठारापलीकडच्या गावात, दवाखान्यात, झोपेचंच शिक्षण घेतलेली एक परिचारिका आली. तुला मी तिथे नेलं. पोरसवदा मुलगी, पण बोलणं स्वच्छ. पलंगावर जागं लोळायचं नाही. रात्री एकपर्यंत बसायचं, एकला आडवं व्हायचं आणि सहाला उठायचं, झोप लागली असो वा नसो. दुपारी डोळा मिटायचा नाही. खोलीत काळोख हवा. या दिवसांत कुणासाठी रात्र जागवायची नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हा कसला उपाय? उपाशी माणसाला अर्धाच पाव द्यायचा?"

"आधी भूक पेटवायची असते म्हणाली," तू म्हणालीस. "मला कळलं ते."

कळलं, पण "कोकरं होऊन जाऊ देत" म्हणत तू दोन वसंत घालवलेस. तिसऱ्या वर्षी माझा आवाज चढला तेव्हा ईस्टरला सुरुवात केलीस. पहिले काही आठवडे तू माणसांत नव्हतीस. भिंतीला धरून चालायचीस. आणि मग एका सकाळी माझ्या दारात उभी, केस विस्कटलेले, डोळे हे एवढे.

"हेर्दिस, मला स्वप्न पडलं."

"कसलं?"

"फालतू गं. दुकानात मोजे घेत होते."

आणि माझ्या पायपुसण्यावर बसून तू रडलीस. मोज्यांसाठी!

त्यानंतर एक वाजला की तू दिवा विझावा तशी विझायचीस. राहिली होती फक्त ती उत्तरेची खिडकी. मे अर्धा सरला की आपल्याकडे मध्यरात्रीचा उजेड नेमका तिथून आत येतो. घोंगड्या खिळ्यांनी ठोकून झाल्या, तरी फटी राहिल्याच. पठारापलीकडच्या कापडवालीकडे जाड काळं कापड मागवलं. ते आल्याचा निरोपही आला. गुरुवारी दोघींनी जायचं, कापड घ्यायचं, येताना साय घातलेली धिरडी खायची, असं ठरलं. बुधवारी तुझ्या स्वयंपाकघरात मी खिडकीचं माप घेत होते आणि स्तेइंदोर आत आला, बुटांसकट.

"योरुन, आमचा गडी पाठ धरून बसलाय. आल्दाला तीन रात्री झोप नाही."

"तीन?" मी खुर्चीवरूनच म्हटलं. "हिला वीस वर्षं नव्हती."

"हिला सवय आहे," तो म्हणाला. दुष्टपणे नाही म्हणाला. तेच तर.

"ती उपचार घेतेय, स्तेइंदोर. तिला मनाई आहे."

"मग तिथे बसून घे म्हणावं उपचार. तशीही जागीच असते ना! योरुन, एकच रात्र."

कोकरांच्या दिवसांत नाही म्हणणारं माणूस आपल्या खोऱ्यात अजून जन्माला यायचंय. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "एकच."

सकाळी मी कॉफी घेऊन मेंढवाड्यात गेले. मेंढी व्याली की तिला तिच्या कोकरांसकट लगेच वेगळ्या कप्प्यात घालावं लागतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नाहीतर अजून न व्यालेली एखादी पोक्त मेंढी दुसरीची कोकरं चाटून आपलीशी करते आणि मग तिचं स्वतःचं झालं की त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. तसंच झालं होतं. कुणाचं कोकरू कुणाजवळ, काही कळत नव्हतं. स्तेइंदोर ज्या मेंढीच्या वंशाबद्दल कुंडात सगळ्यांचं डोकं खायचा, तिची कोकरंही त्या गर्दीत मिसळलेली. भिंतीशी दोन पडलेली होती, कुणी न चाटलेली, थंड.

आणि तू चाऱ्याच्या गव्हाणीत, गवतावर, तोंड उघडं टाकून झोपली होतीस. भूगोलाच्या तासासारखी. एक वाजला असणार आणि शरीराने शिकवलेला धडा म्हणून दाखवला असणार. उपचार लागू पडला होता, योरुन. तो लागू पडल्याचा पुरावा भिंतीशी पडला होता.

मी तुला उठवलं नाही. उठवलं त्याने.

"इतकी वर्षं जागी राहिली, आणि नेमकी आज झोपली!"

तू डोळे उघडलेस ते हसत. झोप पुरी झालेल्या माणसाचं ते हसू होतं. चेहऱ्यावरून ते कसं उतरत गेलं ते मी पाहिलं आणि त्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही.

"माफ कर," तू म्हणालीस.

"माफी कसली मागतेस?" मी म्हटलं. "स्तेइंदोर, तू कुठे होतास रात्री?"

"मी? मी झोपलो होतो."

"मग!"

पण त्याच्याकडे अख्खं खोरं होतं. पुढच्या आठवड्यात कुंडात आल्दा गोड आवाजात म्हणाली, "तुला आता झोप लागते ना, योरुन? छान झालं बाई. आमची कोकरं गेली तेवढंच." तुझ्या सगळ्या जागत्या रात्री कुणाला आठवल्या नाहीत. ती एक झोप मात्र सगळ्यांना तोंडपाठ होती.

त्याच दिवशी, ठरलेल्या गुरुवारी, मी गाडी घेऊन तुझ्या दारात आले होते. "चल, कापड आणू."

"नको. काळोख केला की झोप लागेल."

"अगं, त्यासाठीच तर."

"मी झोपले की काहीतरी मरतं, हेर्दिस."

दवाखान्यातल्या त्या मुलीकडे तू पुन्हा गेली नाहीस. मी ओरडले, रुसले, तिचा नंबर फळ्यावर लिहावा तसा तुझ्या फ्रिजवर लिहिला. तू तो पुसून टाकलास. आणि झोप? तिला एकदा दारातून हाकललं की ती माणसांसारखी पुन्हा विनवायला येत नाही. मेंढवाड्यातही तुला कुणी बोलावलं नाही. स्तेइंदोरने तिथे कॅमेरे बसवले. आता तो पलंगावर पडून फोनमध्ये मेंढ्या बघतो. तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा पुन्हा पहाटेपर्यंत जळू लागला, आता कुणाच्याच उपयोगाचा नसलेला.

आता सगळीकडे म्हणतायत, "झोपेतच गेली, किती भाग्याची." शेवटी तू होतीस त्या वृद्धाश्रमातल्या रात्रपाळीच्या बाईला मी जाऊन विचारलं. तू जागी होतीस. पलंगाच्या काठावर बसून कॉफी मागितलीस. ती घेऊन आली तोवर तू गेली होतीस. "डोळे उघडे होते, मी मिटले," ती म्हणाली. तेव्हा आल्दाबाई, ती शांत झोपलीये वगैरे लिहू नका. ते शेवटचं जागेपणही आपण तिच्याकडून घेतलं नाही तर बरं.

एक राहिलं. कापडाचं दुकान नव्या बाईने घेतलंय. ऑक्टोबरात तिचा फोन आला, योरुनच्या नावाने काळ्या कापडाचा गठ्ठा माळ्यावर सापडलाय, ठेवू की विकू? मी म्हटलं, खबरदार विकलंस तर. आणि तुला येऊन सांगितलं. वृद्धाश्रमातली तुझी खिडकीही उत्तरेचीच होती. तू वळून तिच्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता पुन्हा कोकरांचं काढणार.

"उन्हाळ्याआधी लावून टाकू," तू म्हणालीस. "मीही येते. साय घातलेली धिरडी खाऊ. गुरुवारी जमेल तुला?"

जमेल म्हटलं. गुरुवारी पठारावरचा रस्ता बर्फाने बंद होता.