पदरात बांधलेला बिल्ला

लढाईच्या दिवसांत खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात मी एकही पाळी चुकवली नव्हती. मी गेलो नाही तर फौज माघारी फिरेल, असा माझा पक्का समज! एका सकाळी अंगात ताप आणि बाहेर भोंगा. उठून पाहतो तर गेटवर दाखवायचा पितळी बिल्ला बायकोने पदरात बांधलेला.

"काहून तडफडून राहिले? झोपा!"

"अन् तोफगोळे कोण भरेल?"

"बाकीचे काय भजी तळून राहिले तिथं?"

भोंग्याकडे कान लावून मी कूस बदलत राहिलो. दुपारपाळीचा भोंगा मात्र ऐकलाच नाही. जाग आली ती माझ्याच पाळीतला शेजारी दारात आला तेव्हा.

"माझ्यावाचून किती अडलं?" मी आशेने विचारलं.

"काहून? तू नव्हता काय आज?"

हसता हसता बायको पदराची गाठ सोडू लागली.

"राहू दे," मी म्हटलं, "उद्याही मला ताप आहे."