बायका कोठडीत, जातं पुढ्यात

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातून आमच्या काळाचौकीच्या चाळीतल्या बायकांना पोलिसांनी धरून नेलं, आणि मुंबई मिळवायला निघालेल्या आम्हा पुरुषांना भाकरी मिळेना. डब्यात नाचणी होती, पण हरताळामुळे पिठाची गिरणी बंद. शेवटी जिन्याखालचं जातं ओढून काढलं. मिलमध्ये कापड विणायचे साचे चालवणारे आम्ही. जातं ते काय! एका पुढाऱ्याने दोन ओंजळी नाचणी एकदम आत कोंबली. जातं जागचं हलेना. मग सगळ्यांनी सल्ले दिले.

समोरच्या गोदामावरचा नेपाळी गुरखा दारातून बघत होता. तो आत आला, टोपी बाजूला ठेवून एक पाय पसरून बसला. वरचा दगड उचलून अडकलेले दाणे झाडले. मग डाव्या हाताने चिमूटभर दाणे, उजव्या हातात खुंटा. पीठ भुरभुरू लागलं.

"तुमच्यात बाप्ये दळतात काय रे?" पुढाऱ्याने मिशीवर हात फिरवत विचारलं.

"नाही साब," तो मान वर न करता म्हणाला. "आमच्या गावात घरोघरी जातं आहे, पण दळते बाईच. मर्द असेच घेरा करून उभे राहतात. मी फक्त आईच्या हाताकडे बघायचो."

आम्ही त्याला ताबडतोब चहा पाजून वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी बायका सुटून आल्या. डबा उघडून आईने विचारलं, "दळलां कोणी?"

नळाच्या पाण्यावरून ज्यांचं कधी एकमत झालं नाही, ते सगळे पुरुष एका आवाजात म्हणाले, "आम्ही!"

गोदामाच्या दारातून गुरख्याने आम्हाला कडक सलाम ठोकला.