पोर्टलवर तूर, वांगी आणि मी

मी नोकरीत नेमकं काय करतो ते माझ्या वडिलांनी आमच्या गावी, संतपुरात, चहाच्या टपरीवर सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. "कंपनीतल्या लोकांचं काय हरवलंय ते आमचं पोरगं कंप्यूटरमधी बघतंय." मी नंतर ते दुरुस्त करायला गेलो, पण विचार केल्यावर दुरुस्त करण्यासारखं फारसं काही सापडलं नाही.

आमची कंपनी तूरडाळ बनवते. एक गिरणी बिदरला नौबादजवळ, दुसरी कलबुर्गीकडे. कंपनीतल्या माणसांपुरती एक आतली वेबसाइट आहे, बाहेरच्यांना ती दिसत नाही. तिला सगळे पोर्टल म्हणतात. त्यावर सुट्टीचे नियम, पाळ्यांचं वेळापत्रक, सूचना, फॉर्म असं सगळं असतं आणि वर सर्चची एक पट्टी. त्या पट्टीत कुणीतरी काय शोधलं आणि त्याला काही सापडलं का, याची यादी आपोआप तयार होते. शोधणाऱ्याचं नाव त्यात नसतं, फक्त कंप्यूटर आणि वेळ असते. ती यादी वाचायची आणि लोकांना जे सापडत नाही ते पोर्टलवर आणायचं, हे माझं काम. घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. स्वतःचं टेबल आणि स्वतःचा पासवर्ड मिळाला त्या दिवशी मी ते टेबल तीनदा पुसलं.

एचआरच्या मॅडम हुबळीकडच्या. मराठी त्यांना सगळं समजतं, बोलतात मात्र कन्नडमध्ये. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "सहा महिने बघू. पोर्टल कुणी वापरत नाही असं दिसलं तर बंद करू. आणि पोर्टलच नसेल तर तुला ठेवून काय करू?" आवाजात राग अजिबात नव्हता. पंखा बंद कर म्हणावं इतक्या सहज त्या बोलल्या.

पहिल्या महिन्याची यादी लहान होती, पण वाचून मला घाम फुटला. लोक सर्चमध्ये एक-दोन शब्द लिहितात असं मला शिकवलं होतं. आमची माणसं अर्ज लिहीत होती. "माननीय साहेबांस नमस्कार, माझा पाय नऊ नंबरचा असून मला सात नंबरचे बूट मिळाले आहेत, तरी कृपा व्हावी." त्याखाली, निकाल शून्य. दुसऱ्या दिवशी त्याच कंप्यूटरवरून, "कालच्या अर्जाचे स्मरणपत्र." निकाल शून्य. कुणीतरी फक्त "बस गेली का?" एवढंच विचारलं होतं. त्याला मात्र निकाल मिळाला होता, अध्यक्षांचा नववर्षाचा संदेश.

मी कामाला लागलो. सुट्टीचे नियम सोळा पानांच्या इंग्रजीत होते. त्यांचं मराठीत आणि कन्नडमध्ये एकेक पान केलं. बूट बदलून कोणत्या वारी मिळतात ते स्टोअरमध्ये जाऊन विचारलं आणि टाकलं. बसच्या वेळा टाकल्या. लोक शोधायला लागले, पण हळूहळू. चार महिने झाले तरी शोधांचा आलेख जमिनीला धरूनच होता.

एका दुपारी कँटीनच्या अक्कांनी विचारलं, "कामून रं, भात तसाच ठेवलास?" या अक्का आमच्याकडे पहिल्यापासून स्वयंपाक करतात. पाळी कोणतीही असो, कोण जेवलं आणि कोण नाही हे त्यांना तोंडपाठ असतं. मी त्यांना खरं ते सांगितलं. सर्च वाढलं नाही तर दोन महिन्यांनी मी घरी.

त्या आठवड्यात आलेख एकदम उभा राहिला. पुढच्या आठवड्यात आणखी उंच गेला. मी वडिलांना फोन करून सांगितलं की लोकांचं खूप हरवायला लागलंय. ते खूश झाले. मग मी यादी उघडली.

तूर. हरभरा. वांगी. बसवण्णा. तूर. आज ऊन हाय. जेवलास का? वांगी. लई चांगलं पोर्टल. तूर.

या सगळ्या शोधांची वेळ एकच होती, दुपारी जेवणानंतरची, आणि कंप्यूटरही एकच. मी त्या वेळेला टाइम ऑफिसजवळ, म्हणजे हजेरी लागते तिथे, सगळ्यांसाठी ठेवलेल्या त्या कंप्यूटरपाशी गेलो. पंधरा-वीस माणसं रांगेत उभी होती आणि रांगेच्या तोंडाशी हातात पळी घेऊन अक्का.

"एकेकानं लिवा. एकाच माणसानं दोनदा लिवायचं न्हाई, पकडतील."

"अक्का, मला लिवायला येत न्हाई," हमाली करणारा एक जण म्हणाला.

"मंग नुस्तं तूर लिव. तुरीच्या गिरणीत हायस, तूर येत न्हाई व्हय?"

"अक्का," मी म्हणालो, "हे काय करायलाव तुम्ही?"

रांगेतले फिटर अण्णा दुबलगुंडीचे. यंत्राला आणि माणसाला ते एकाच आवाजात दटावतात. तेच पुढे झाले. "तुझी नोकरी वाचवायलाव. तू गप बस, रांग मोडू नको."

"पण अण्णा, हे खोटं झालं की."

"खोटं कसं? मी सोताच्या बोटानं लिवलं."

"तुम्हाला जे माहीत नाही ते शोधायचं असतं. वांगी तुम्हाला माहीत हायत."

"मला माहीत हायत," अण्णा शांतपणे म्हणाले. "तुझ्या पोर्टलला न्हाईत. मी बघितलो की, शून्य आलं."

मी वाकून पडद्यावर पाहिलं, शून्यच होतं. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

त्यांच्यावर रागवावं असं मला वाटत होतं, पण जमेना. आलेख तसाच मॅडमपुढे ठेवला असता तर नोकरी राहिली असती. दोन दिवस मी तो ठेवायच्याच विचारात होतो. पण मग पुढच्या महिन्यात पोर्टलवर काय लिहायचं? वांग्याची माहिती? ज्याला खरंच बूट बदलायचे आहेत तो त्या तुरीच्या ढिगात मला दिसणारच नव्हता. रांग काही थांबली नाही, म्हणून मी रोज बसून एकेक खोटी ओळ वेगळी काढत गेलो. आलेख पुन्हा खाली आला. सहा महिने संपले त्या दिवशी मी खरी आणि काढून टाकलेली अशा दोन्ही याद्या घेऊन मॅडमकडे गेलो आणि काय घडलं ते रांगेसकट सांगितलं.

मॅडमनी खरी यादी चटकन पाहिली. काढून टाकलेली मात्र सावकाश वाचली. मध्येच त्यांच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यांनी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. मग बोट एका ओळीवर ठेवलं. ती ओळ वेगवेगळ्या दिवशी अकरा वेळा आली होती. "मॅडम, हे पोरगं काढू नका."

"याला निकाल काय आला?"

"शून्य, मॅडम."

"मग तू हे खोट्यात का टाकलंस? तुझं काय होणार ते यांना खरंच माहीत नाहीये."

मी ती ओळ पेनानं खऱ्या यादीत लिहिली. त्या म्हणाल्या, "एक वर्ष आणखी. कायम नाही. आणि ती रांग बंद कर, मला वरच्यांना वांगी समजावता येणार नाहीत."

मी धावतच कँटीनमध्ये गेलो. अक्कांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एकच वरीस? एवढे लोक रोज उभे केले म्या! उद्याबी लिवावं का?"

"नको, अक्का. तुमच्या पाया पडतो. आता फक्त खरंच जे विचारायचंय तेच लिहा."

"मला काय इचारायचं असतंय," असं म्हणून त्या भांडी आवरायला लागल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "लेक बाळंतपणाला आलीया. कंपनीचं दवाखान्याचं कार्ड तिला चालतं का, आन् बिदरात कोणत्या दवाखान्यात?"

"हे सर्चमध्ये का नाही लिहिलंत?"

"कार्ड माझं हाय. लेकीसाठी इचारलं म्हणून उद्या कुणी कार्डच काढून घेतलं तर? वांग्यानं कुणाचं काय जातंय?"

मला तर याचं उत्तर माहीत नव्हतंच, पोर्टललाही माहीत नव्हतं. मी तिथल्याच बाकावर बसून दवाखान्यांना फोन लावायला सुरुवात केली. अक्का पदराला हात पुसत शेजारी येऊन बसल्या आणि प्रत्येक फोन संपला की विचारत राहिल्या, "काय म्हणायलेत?"