क्वालालंपूरचे दहा तास आणि एक फाटका टॉवेल

सोलापूर स्टेशनावर आम्ही नवरा-बायको पाठीवर सॅक अडकवून उभे होतो. ओळखीचे तिघं भेटले आणि तिघांनीही एकच विचारलं, "सर, शाळेची सहल कुटं?" आमचे हे भूगोल शिकवतात. पंचवीस वर्षं फळ्यावर खडूनं आग्नेय आशिया काढत आले, पण स्वतः कधी समुद्र ओलांडला नाही. या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या मनानं घेतलं की बालीला जायचं, तेही तरुण पोरांसारखं, सगळं सामान पाठीवर बांधून. त्यांचं वय बावन्न, माझं सत्तेचाळीस. सॅक दोन्ही लालभडक, मुलीनं पुण्याहून पाठवलेल्या.

बाली त्यांनी ठरवलं. वाटेत दिवसभर क्वालालंपूरला थांबायचं हे मात्र मी ठरवलं. सिंगापूरवरून जाता आलं असतं, बँकॉकवरूनही. पण मी हट्टच धरला. जुळे मनोरे बघायचेत, असं मी म्हणाले. साफ खोटं. मनोऱ्यांशी माझं काय देणंघेणं? मला तिथल्या एका हॉटेलातले टॉवेल बघायचे होते.

आता हे नीट सांगायला हवं. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात मी तपासणीला आहे. नरसम्मा माझी लहानपणापासूनची मैत्रीण, आमच्याच तेलुगू गल्लीतली. ती त्याच कारखान्यात टॉवेलच्या कडांना शिवण घालायची. एप्रिलात क्वालालंपूरच्या एका हॉटेलाकडून तक्रार आली की टॉवेल चार धुण्यांत काठाजवळ फाटतात. मालकांनी मला विचारलं. मी ताडकन म्हणाले, "काठाजवळ म्हंजे शिवणीचाच दोष की!" झालं. नरसम्माची मशीन गेली, तिला धागे कापायला खाली बसवलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. गल्लीत मी समोरून आले की तिला नेमकं आभाळ बघायचं असायचं. तिच्या सुनेकडून कळलं, ती म्हणते, "फाटका टॉवेल हिनं डोळ्यांनी बघितलाय का? न बघताच बोलली." हे मला फार झोंबलं, कारण ते खरं होतं. म्हणून मी बघायलाच निघाले होते. उसवलेल्या शिवणीचा फोटो काढायचा आणि आणून तिच्या नाकासमोर धरायचा. खोक्यावरचा हॉटेलचा पत्ता मी कागदावर उतरवून घेतला होता. सरांना यातलं अवाक्षर माहीत नव्हतं.

हैदराबादच्या विमानतळावर पहिली अडवणूक झाली ती कडक भाकरीची. माझ्या सॅकमध्ये एक चवड होती, शिवाय शेंगाची चटणी. तपासणीवाल्या बाईनं एक भाकरी बाहेर काढली, बोटानं टकटक वाजवून बघितली आणि विचारलं, "हे काय आहे?" मी तिथंच तुकडा मोडून खाऊन दाखवला. तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला स्पष्ट दिसलं, पण कामावर होती बिचारी.

क्वालालंपूरला सकाळी उतरलो. बालीचं विमान संध्याकाळी, म्हणजे हातात दहा तास. सरांनी तासातासाचं वेळापत्रक छापून, प्लास्टिकमध्ये बसवून गळ्यात अडकवलं होतं. शहरात जाणाऱ्या रेल्वेच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना तेलताडाची झाडं दिसत होती, मैलोनमैल. सर शेजारच्या एका चिनी आजोबांना त्या पिकाची माहिती सांगू लागले. आजोबा जन्मभर तिथंच राहिलेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उतरताना सरांच्या पाठीवर थोपटलं.

शहर मात्र बघत राहावं असं. काचेच्या इमारती, त्यांच्या मधूनच डोक्यावरून जाणारी रेल्वे, खाली रस्त्यावर कागदाचा कपटा नाही. उकाडा मात्र भयंकर. सोलापूरचं ऊन भाजतं, इथली हवा उकडते. दहा मिनिटांत सरांचा सदरा पाठीला चिकटला. वळताना त्यांची सॅक येणाऱ्याजाणाऱ्याला लागायची आणि मग ते सॅकसकट वळून माफी मागायचे, की दुसऱ्याला लागायची. शेवटी मी त्यांना सॅक पोटावर बांधायला लावली.

एका टपरीवर नासी लमाक खाल्लं (नारळाच्या दुधात शिजवलेला भात, वर तिखट मिरचीचं सांबाल, भाजके शेंगदाणे आणि बोटाएवढी वाळकी मासळी). सांबाल गोडसर निघालं. मी सॅकमधून चटणी काढली आणि भातावर भुरभुरली. टपरीवाले मामा डोळे वटारून जवळ आले, चिमूटभर चाखली आणि दुसरी चिमूट न विचारता घेतली. तेह तारिकही प्यायलो (हातभर उंचीवरून ओतून फेसाळलेला चहा). सरांनी तो ओतण्याचा प्रयोग करून बघितला आणि स्वतःच्या चपलेला चहा पाजला.

जुळे मनोरे बघितले. उंच आहेत. सर खाली उताणे पडून फोटो काढत होते, तेव्हा मी म्हणाले, "अहो, मला जरा बाथरूमला जायचंय. त्या समोरच्या गल्लीत एक मोठं हॉटेल आहे."

"तुला कसं माहीत?"

"दिसतंय की!"

दिसत नव्हतं. दोन वळणं घेऊन जावं लागलं. सरांना दोन्ही सॅकसकट खालच्या थंडगार दिवाणखान्यात बसवलं आणि मी लिफ्टमध्ये शिरले. पोहण्याचा तलाव जिथं असेल तिथं टॉवेल असणारच. सातव्या मजल्यावर तलाव होता आणि त्याच्या कडेला पांढऱ्या टॉवेलांची चवड. वरच्याचा काठ मी लगेच ओळखला. तीन बारीक रेघा आणि मधे पानांची वेल. आपला माल! मी एकेक टॉवेल उलगडून, झटकून, ओढून बघायला लागले. पोहायला आलेली गोरी माणसं पाण्यातून बघत होती. सात-आठ टॉवेल झाले, सगळे धड. तेवढ्यात गणवेशातला एक माणूस आला आणि त्यानं माझ्या खोलीचा नंबर विचारला.

मला खोटं सुचायला कधी वेळ लागत नाही, पण ते मराठीत आणि तेलुगूत. इंग्रजीत मी फक्त म्हणाले, "माय हजबंड. डाउन."

तो मला घेऊन खाली आला, तेव्हा सर चांगलेच गडबडले. डोक्याला रुमाल बांधलेली एक देखरेखवाली बाई आली, अतिशय नम्र. तिनं विचारलं की मॅडम आमचे टॉवेल का मोजत होत्या. सरांनी माझ्याकडे बघितलं. मग मी पत्त्याचा कागद काढला आणि सगळं सांगून टाकलं. सर ते इंग्रजीत सांगत गेले आणि सांगता सांगता स्वतःही पहिल्यांदाच ऐकत गेले. नरसम्माच्या मशीनशी आल्यावर ते थांबले.

"म्हणजे ते मनोरे..." ते मला म्हणाले.

"मनोरे चांगले आहेत की," मी म्हणाले.

त्या बाईला मात्र हसू आलं. तिनं आम्हाला तळघरातल्या धुलाईखान्यात नेलं. तिथं वाफेत इस्त्री करणारी एक बाई होती, सरोजा. मी सवयीनं तेलुगूत पुटपुटले की किती गरम आहे हे, तर ती चमकून म्हणाली, "ए ऊरु, अक्का?" (कोणतं गाव, ताई?) तिचे पणजोबा आंध्रातून इथल्या मळ्यांवर मजुरीला आले होते. सोलापूर तिनं कधी ऐकलं नव्हतं, पण मी टॉवेलवरची चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा तिनं माझा हात धरला. म्हणाली, रोज मी तुमच्याच गावाला इस्त्री करते.

फाटके टॉवेल फरशी पुसायला वेगळे ठेवले होते. सरोजानं एक माझ्या पुढ्यात पसरला. "इदि चूडु," ती म्हणाली (हे बघ). "कुट्टु बागुंदि." (शिवण छान आहे.)

शिवण खरंच छान होती. एक टाका सुटलेला नव्हता. टॉवेल फाटला होता तो शिवणीच्या चार बोटं वर, आडव्या सरळ रेषेत. मी तो दिव्यासमोर धरला. फाटल्या जागेच्या दोन्ही बाजूंना कापड विरळ, आरपार उजेड दिसत होता. माग बंद पडून पुन्हा सुरू झाला की कधी कधी अशी पातळ पट्टी राहते. ती टॉवेल उजेडासमोर धरला की दिसते, आणि तो उजेडासमोर धरायचं काम कारखान्यात एकाच बाईचं. माझं.

दुसरा धरला. तीच पट्टी. तिसरा. चिठ्ठ्यांवर जानेवारीची तारीख होती, आणि मला तो दिवस आठवला. संक्रांतीच्या गड्डा यात्रेचे दिवस होते, दुपारनंतर नंदीध्वजांची मिरवणूक. आमच्या सोलापुरात त्या दिवशी कुणाचं लक्ष कामावर असतं? नवी साडी नेसून आले होते मी. शेवटची दोन खोकी मी टेबलावरच फिरवली, उचलून धरली नाहीत, आणि गर्दीत पुढं जागा मिळावी म्हणून पळाले. मिरवणूक फार छान दिसली होती. माझ्या शेजारी नरसम्मा उभी होती.

मला कानकोंडं झालं, आणि शरमेनं रडूही आलं. धुलाईखान्यात कुणाला तो घाम वाटला असेल.

सरांनी खिशातून मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "फोटोसाठी आली होतीस ना?" ते म्हणाले. "काढ."

"नको आता."

"का? शिवण उसवलेली असती तर काढला असतास."

पंचवीस वर्षं पोरं सांभाळलेला माणूस तो, आवाज न चढवता कान पिळतो. मी फोटो काढला. शिवण, पट्टी, दोन्ही दिसतील असा.

बालीला नऊ दिवस होतो. तिथल्या भातखाचरांवर आणि ज्वालामुखीवर सर एखाद्या दिवाळी अंकात लिहितीलच. मी एवढंच सांगते की मला समुद्र आवडला आणि रात्री झोप लागली नाही. मोबाइलमधला तो फोटो पुसून टाकायला एक बोट पुरलं असतं. दोनदा ते बोट तिथवर गेलंही.

सोलापूरला परतलो त्याच संध्याकाळी मी नरसम्माच्या दारात गेले. ती उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. मी फोटो पुढं धरला. तिनं चष्मा लावून तो बराच वेळ बघितला. टॉवेलच्या कापडाकडं नाही, आधी शिवणीकडं.

"चूक माझी होती," मी म्हणाले. "पट्टी मला दिसायला पायजे होती. मी उचलूनच धरला न्हाय."

नरसम्मानं मोबाइल परत दिला आणि पुन्हा लसूण हातात घेतला. "हितं मला सांगून काय उपेग?" ती म्हणाली. "माझं नाव तू समद्यांपुढं घेतलंस. तितंच सांग."

सकाळी कारखान्यात डबे ठेवून सगळ्याजणी आपापल्या जागी बसल्या, तेव्हा मी मालकांना बोलावलं. सगळ्यांपुढं सांगितलं की तो माल मी न बघता सोडला, आणि दोष मात्र शिवणीवर ढकलला. मालकांनी फोटो बघितला, मग माझ्याकडं बघितलं. दुपारच्या आत नरसम्मा मशीनवर होती आणि मी घडी घालायच्या टेबलावर. ठीकच होतं ते. बाली बघून आलेली बाई म्हणून मी ज्या थाटात मिरवणार होते तो थाट मात्र कुठल्या कुठं गेला. मला वाटलं होतं खरं बोललं की हलकं वाटतं. तसं काही वाटलं नाही, नुसती लाज वाटली आणि टॉवेलांच्या घड्या वाकड्या पडत राहिल्या.

जेवणाच्या सुट्टीत मी एकटी कोपऱ्यात बसले होते. समोर कुणीतरी डबा आपटला. नरसम्मा मांडी घालून बसली, भाकरी मोडली, एक घास खाल्ला आणि माझ्याकडं न बघताच विचारलं, "काय गं, तिकडं खायला काय मिळालं?"

एप्रिलपासून तिनं मला आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मी सांगायला तोंड उघडलं, तर मला नासी लमाकचं नाव काही केल्या आठवेना.