उतरत्या पटांगणावरच्या बाई

पडल्यावर त्या लगेच उठत नसत. पाय पसरून तिथंच बसत, केसांत गेलेला धानाचा कोंडा झटकत आणि म्हणत, "बसलीच आहो त चहा सांगा, सर."

सर म्हणजे मी. तुमसरच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवीत असे आणि बाई मुलींना खेळ शिकवीत. त्यांचं बालपण नागपुरात गेलं होतं. तिथल्या कुठल्याशा क्लबात त्या चाकाचे बूट घालून गाण्यावर गिरक्या घ्यायला शिकल्या आणि राज्यात पहिल्या आल्या. मग नोकरी लागली ती आमच्या गावात. इथं गुळगुळीत जमीन एकच होती : राईस मिलचं धान वाळवायचं सिमेंटचं पटांगण. त्यातही अडचण अशी, की पावसाळ्यात ते रिकामं असे पण ओलं, आणि कोरडं होई तेव्हा धानानं भरलेलं.

बाई मिलच्या शेठजींकडे गेल्या. शेठजींनी आधी बुटांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "हे घालून कुठं जायचं असते?"

"कुठंच नाही. गोल गोल फिरायचं."

"मंग चाकं कायले पाहिजेत?"

तरी रविवारी सकाळचा एक कोपरा मिळाला. मिलमध्ये काम करणाऱ्या बाया उकडलेलं धान पायांनी सरी ओढत पसरत. त्यांनी तो कोपरा झाडून ठेवायला सुरुवात केली. त्यांच्यात तुळसाबाई वयानं थोरली. पहिल्या दिवशी ती बराच वेळ पाहत राहिली आणि मला म्हणाली, "शिकलेल्या बाई हायेत ना? मंग काहून घडीघडी पडून राहिल्या?"

माझ्याकडे टेपरेकॉर्डर होता, म्हणून या प्रकरणात मी आलो. पुस्तक वाचत बसायचं आणि बाईंनी हात केला की बटण दाबायचं, एवढंच माझं काम. सेल उतरले की गाणं रेंगाळे, आणि बाईही त्याच्याबरोबर रेंगाळत. मग तुळसाबाई सेल काढून धानाशेजारी उन्हात ठेवी. "वाळले की लावा," म्हणे.

त्या वर्षी आम्ही नागपूरला स्पर्धेला गेलो. राज्याचा किताब बाईंचा होता, तो त्यांना राखायचा होता. पहिली गिरकी घेतली आणि त्या डाव्या अंगावर पडल्या. उठल्या, पुन्हा पडल्या. दुसऱ्या वेळी मात्र पाय पसरून बसल्या आणि भर सभागृहात सवयीनं म्हणाल्या, "सर, चहा सांगा." परीक्षक हसले. किताब गेला.

पण बाईंचं लक्ष परीक्षकांकडे नव्हतंच. त्यांनी एक बूट काढून जमिनीवर ठेवला. तो जागचा हलला नाही.

"सर, ही जमीन सपाट आहे."

"हो, मग?"

"आपली नाही."

परत आल्यावर त्यांनी तोच बूट मिलच्या पटांगणावर ठेवला. आम्ही सगळे भोवती उभे. बूट थोडा वेळ थांबला, मग कुणी बोलावल्यासारखा हळूहळू निघाला आणि थेट नालीत गेला. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून पटांगण मधे उंच आणि कडेला उतरतं बांधलेलं होतं. बाईंचा कोपरा उतारावर. वर्षभर त्यांनी उतारावर तोल शिकला होता आणि नागपूरला उतार नव्हता.

"मिस्त्री चांगला होता माझा," शेठजी म्हणाले. "पाणी थेंबभर थांबत नाही."

हेडमास्तरांनी सांगितलं, आणखी एकदाच रजा देईन. खेळाच्या बाईच पडतात म्हणून पालक हसतात. तेव्हा किताब परत आणायचा तर तो पुढच्याच वर्षी.

पटांगण काही सरळ होणार नव्हतं. मग बाईंनी कोपराच दर रविवारी बदलला. आज उगवतीकडचा, पुढच्या वेळी मावळतीकडचा, कधी अगदी मधला उंचवटा. शरीराला कुठल्याच बाजूची सवय लागू द्यायची नाही. त्यामुळे धानाचाही मुक्काम हलू लागला. शेठजी कुरकुरले, "बाई, माझं धान तुमच्यामागं फिरून राहिलं."

"त्यालेही व्यायाम पाहिजे, शेठजी."

वर्ष असं गेलं. स्पर्धा तोंडावर आली आणि चाकाखाली एक दाणा आला. एकच. बाईंचं उजवं मनगट मोडलं. पाय पसरून बसून त्यांनी तो दाणा शोधला, उन्हात धरून पाहिला आणि तुळसाबाईला दिला. "शेठजींचा आहे, पोत्यात टाका." मग चहा मागितला, डाव्या हातानं प्याल्या आणि दवाखान्यात गेल्या.

"आता तरी ऐका," हेडमास्तर म्हणाले.

"पायाले कुठं प्लास्टर आहे, सर?"

नागपूरच्या गाडीत मीही समजावून पाहिलं. हातावरच्या वजनानं तोल जाईल, म्हटलं. त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "उतारावर दोन वर्ष काढले. हे हातभर प्लास्टर काय करते?"

सभागृहात बाईंनी डावा हात केला, मी बटण दाबलं. सेल नवे होते, गाणं धावत सुटलं. बाई क्षणभर दचकल्या, मग त्याच्या पुढे गेल्या. पांढरा हात पोटाशी धरून त्या अशा फिरल्या, की मांडीवरचं पुस्तक खाली पडलेलं मला नंतर कळलं. किताब परत आला.

बक्षीस घेऊन, चपला घालून सभागृहाच्या पायऱ्या उतरताना त्या शेवटच्या पायरीवर घसरल्या आणि बसल्या. तोवर मी चहावाल्याकडे निघालोही होतो.

पुढं त्या स्पर्धांना गेल्या नाहीत, रजाच नव्हती. पण धानाच्या दिवसांत रविवार चुकला नाही. गुडघे कुरकुरत, बाई पडत, चहा येई.

मग एका हिवाळ्यात कावीळ झाली आणि त्या गेल्या. इतक्या पटकन, की शाळेच्या वेळापत्रकात त्यांचा तास तसाच राहिला होता.

पुढच्या रविवारी पाय सवयीनं मिलकडे वळले. बाया धान पसरत होत्या. मधल्या उंचवट्यावर गोल जागा मोकळी होती, झाडलेली.

"हे काहून सोडलं?" मी विचारलं.

तुळसाबाई सरी ओढत राहिली. "सोडलं नाही, सर. पाय तिथं गेलेच नाहीत."

शेठजी आले, त्यांनी त्या गोलाकडे पाहिलं आणि कडेकडेनं आत गेले.

मी पटांगणाच्या काठावर टेकलो. पुस्तक होतं, ते उघडलं नाही. काही वेळानं तुळसाबाईनं फाटकाकडे तोंड करून हाक दिली, "सर बसलेच हायेत त चहा सांगा वो."

चहा आला. त्या दिवशी कुणीच पडलं नव्हतं.